पितळी खलातलं तांबं

हल्ली दगडावर लेसरचा झोत मारतात आणि उडालेल्या ठिणगीच्या उजेडावरून त्यात काय काय आहे ते लगेच सांगतात, असं नातू परवा मोठ्या ऐटीत सांगत होता. मी म्हटलं, बाबा रे, उजेडाला विचारायची ही विद्या मी स्वयंपाकघरातून पाहिलेली आहे.

ती पन्नासनंतरची वर्षं. नवं लग्न, आणि हे खनिजं शोधायच्या कामावर. चांदा जिल्ह्यात, गडचिरोलीच्या पुढे, रान संपायचं नाव घेत नाही अशा जागी आमचा तंबू होता. हे सकाळी डोंगराकडे जात ते दिवेलागणीला परतत आणि दगड घेऊन बसत. माझ्याशी बोलायला शब्दच उरत नसत. पाणी आणून देणारी गावातली गोंड बाई तेवढी दोन शब्द बोलायची. बाकी मी भांड्यांशी बोलायचे. फार एकटं वाटायचं.

दगडाची पूड तेजाबात भिजवायची, तारेच्या टोकावर घेऊन स्पिरिटच्या दिव्यात धरायची आणि ती ज्योत बोटभर नळीतून पाहायची. नळीत रंगीत रेघा दिसतात. प्रत्येक धातूच्या रेघा ठरलेल्या, तांब्याच्या हिरव्या. तांबं सापडलं नाही तर होळीआधी मुक्काम हलणार होता, नागपूरला, माझ्या माहेरी. मी त्याचीच वाट पाहत होते.

एक दिवस ह्यांचा लोखंडी खल फुटला. मी माहेरचा पितळी खलबत्ता काढला आणि म्हटलं, मी देते कुटून. ह्यांच्या कामाला आपलाही हात लागावा, एवढीच हौस.

त्याच संध्याकाळी ह्यांनी हाक मारली आणि नळी माझ्या डोळ्याला लावली.

"बघ. तांबं."

हिरव्या रेघा मीही पाहिल्या. मग रोज संध्याकाळी आम्ही दोघं दिव्याशी बसू लागलो. हे रेघांबद्दल सांगत, मग लहानपणाबद्दल, मग कशाहीबद्दल. मी नागपूर विसरले. दुपारी दगड कुटताना गाणीसुद्धा म्हणू लागले.

असंच एकदा पाणी ओतता ओतता त्या बाईनं खलात डोकावून विचारलं, "बाई, खल कायनं घासला वो? सोन्यावानी चमकून राह्यला."

मी तो घासलाच नव्हता. आत पाहिलं, तर तळ खरवडून निघालेला. पितळेत तांबं असतं, हे मला कुणी शिकवायला नको होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दुपारभर खल मांडीवर घेऊन बसले. गप्प राहिले असते तर संध्याकाळी तशाच राहिल्या असत्या. पण उद्या खणायला माणसं आली असती आणि ह्यांचं हसं झालं असतं. संध्याकाळी नदीतली साधी गारगोटी ह्यांच्यासमोरच खलात कुटली आणि म्हटलं, "ही पण बघा."

ह्यांनी पाहिलं. हिरव्याच रेघा. हे खलाकडे बघत राहिले, माझ्याकडे नाही. मग त्यांनी दिवा विझवला.

होळीआधी मुक्काम हलला. बैलगाडीत हे रस्ताभर एक शब्द बोलले नाहीत. रागावले असते तरी मला चाललं असतं.

घरी आईनं जवळ घेऊन विचारलं, "रानात फार एकटं वाटलं असेल ना गं?"

मी म्हटलं, "मधे थोडे दिवस नाही वाटलं."