धक्क्याची नोंद

ती घटना आठवली की मला आधी तो गोल कागद दिसतो.

सत्तरच्या दशकात मी कोयनेच्या बाजूला एका ठाण्यात फौजदार होतो. हद्दीत रसायनांचा एक कारखाना होता. तिथे बंद भांड्यात माल शिजे. भांड्यातला दाब किती आहे, याची रेघ चावीवर फिरणाऱ्या गोल कागदावर शाईचा काटा आपोआप काढत राही. रोज सकाळी कागद बदलत.

एका दुपारी भांड्याचं झाकण उडालं. भांडं सांभाळणारा, फौजेतून परतलेला माणूस, आणि त्याच्याच गावचा जोडीदार जागीच गेले. पंचनाम्याच्या वेळी व्यवस्थापकाने कागद माझ्यापुढे धरला. रेघ दुपारपर्यंत बिनचूक, पुढे काटा बंद. म्हणजे दाब वाढलाच नव्हता. घाई करून झाकण उघडलं, चूक मेलेल्याची. मलाही ते पटलं.

गावालाही पटलं. जोडीदाराच्या आईने फौजीच्या बायकोला पाणवठ्यावरून हाकललं. ती ठाण्यात आली.

"आमचं मालक तीनदा काटा बघितल्याबिगर झाकणाला हात लावत नव्हतं," ती म्हणाली. "त्यांनी दुसऱ्याचा जीव घेतला आसं तेवढं लिवू नका."

असं सगळ्याच बायका म्हणतात, असं मला वाटलं. मी कोडगा होतो.

चौथ्या दिवशी बॉयलरवरचा एक म्हातारा कामगार मागच्या दाराने आला.

"साहेब, पंचनाम्याला मी बी व्हतो. त्यो कागद त्या दिवसाचा न्हाई. सकाळी कागद बदलल्यावर धक्का बसला न्हवं का? धक्का बसला की काटा नाचतोय, रेघंला दात पडत्यात. ह्या रेघंला एक बी दात न्हाई."

आमच्याकडे भूकंपाच्या धक्क्यांचं कुणाला अप्रूप नव्हतं. त्या सकाळी माझ्या टेबलावरचा चहाचा कप बशीत खुळखुळला होता. मी तो हाताने दाबून धरला आणि सही करत राहिलो.

कागद बदलणाऱ्या कारकुनाला बोलावलं. मारलं नाही. कागद पुढे ठेवून एवढंच विचारलं, "धक्का कुठं गेला रं?"

तो घामाने भिजला. "लय चुकलं साहेब," म्हणत त्याने सगळं ओकलं. जादा दाब सोडणारी झडप पंधरा दिवस अडकलेली होती. खऱ्या कागदावर रेघ पार कडेबाहेर गेली होती. व्यवस्थापकाने तो बॉयलरमध्ये टाकायला लावला. आदल्या आठवड्यात एकदा दुपारीच काम बंद पडून काटाही थांबवला होता. त्या दिवसाच्या कागदावर नवी तारीख घातली.

व्यवस्थापकावर खटला भरला. कोर्टात कारकून उलटला. पोलिसांपुढचा जबाब तिथे चालत नाही. उरला तो धक्का. धरणावरच्या कचेरीने पत्र दिलं, त्या सकाळी धक्का बसला होता. व्यवस्थापकाचा वकील उठला.

"धरणावर बसला असेल. गावात बसला, हे कशावरून? ठाण्याची डायरी मागवा."

आमचे हवालदार रोज सकाळीच दुपारपर्यंतच्या नोंदी लिहून ठेवत, म्हणजे दिवसभर कटकट नको. मला ते माहीत होतं. डायरीत त्या वेळेपुढे लिहिलं होतं : 'हद्दीत शांतता.' खाली माझी सही. त्यापुढे कुणाचीच तोंडी साक्ष टिकली नाही.

व्यवस्थापक संशयाचा फायदा मिळून सुटला. 'मृताचा निष्काळजीपणा' कागदोपत्री तसाच राहिला.

कोर्टाबाहेर ती बाई पायरीवर बसली होती. जोडीदाराची आई तिच्याकडे न बघता शेजारून निघून गेली.

"साहेब, तुमाला धक्का कळला व्हता?" तिने विचारलं.

"हो."

"मग लिवला का न्हाई?"

पुढे प्रत्येक ठाण्यात मी डायरी ज्या त्या वेळी लिहायला लावली, त्यापायी माणसांच्या शिव्याही खाल्ल्या. खोटा कागद करणाऱ्याला मी पकडलं होतं. पण दुसरा खोटा कागद माझ्याच टेबलावर होता, आणि त्या बाईच्या नवऱ्याचं नाव त्यानेच बुडवलं. ते मला पुन्हा वर काढता आलं नाही.