अविकसित देश, तळमजला

मानवजातीच्या सगळ्या प्रगतीला आमच्या तळमजल्यावरच्या काकांचा मनापासून पाठिंबा आहे. फक्त ती त्यांच्या उंबरठ्याबाहेर थांबावी, एवढंच त्यांचं म्हणणं. काका मूळचे माणदेशातले. सरकारी बँकेत कर्जविभागात होते, बदल्या होत होत कोलकात्याला आले, आणि निवृत्त झाल्यावर इथेच सॉल्ट लेकमध्ये आमच्या खाली राहिले. एखादा देश किंवा माणूस किती पुढे गेला हे पाहायचं तर उत्पन्न बघू नये, रक्तातली साखर बघावी, हा त्यांचा सिद्धान्त. आधी रस्ता येतो, मग स्कूटर येते, मग पोट येतं आणि पोटामागून मधुमेह. "हा क्रम कुठल्याही सरकारला बदलता आलेला नाही," असं ते म्हणतात तेव्हा त्यांच्या आवाजात कर्ज नामंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याची शांती असते.

लिफ्टला ते 'उभी खुर्ची' म्हणतात. तळमजल्यावर राहत असूनही तिच्यावर त्यांचा राग आहे. सोसायटीत कुणी नवी गाडी घेतली की दोन्ही हात जोडून म्हणतात, "छान झालं. आता डॉक्टर कुठला घेताय?" मला सेक्टर फाइव्हमधल्या आयटी कंपनीत नोकरी लागली. न्यायला-आणायला गाडी, दुपारचं जेवण फुकट. सगळ्यांनी कौतुक केलं. काका म्हणाले, "अभिनंदन, मौनीबाई! म्हणजे पस्तिशीच्या आत होईल." ते लग्नाबद्दल बोलतायत असं वाटून मी नेहमीसारखी न बोलता खाली बघत राहिले. खरा अर्थ बाबांनी जिन्यात समजावला.

कधीकधी रविवारी ते बाबांना आणि मला बागबाजारला नेतात. तिथल्या जुन्या 'मराठा खंदका'ची गोष्ट त्यांनी याआधी सांगितलेली नाही, अशी त्यांची समजूत असते. "मराठे येतील म्हणून केवढा खंदक खणला या कोलकातेकरांनी! आणि साखर येईल म्हणून? सगळ्या वेशी उघड्या!" मग ते मिठाईच्या दुकानात शिरतात, बाकांवर बसलेल्या गिऱ्हाइकांकडे करुणेनं बघतात आणि स्वतः बशीभर रसगुल्ले खातात. बाबा काही बोलले, तर शर्टावरून फासळ्या चाचपून दाखवतात. "मला काय होतंय? मी अविकसित देश आहे. हे रोग आमच्याकडे येत नाहीत."

गेल्या हिवाळ्यात हा देश आणखी आकसायला लागला. पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. आमच्याकडे आले की चहाआधी पाणी मागायचे, चहानंतरही. त्यातच नव्या बुटानं टाचेला फोड आला आणि काही केल्या सुकेना. काकू वर येऊन आईजवळ रडल्या. त्यांच्या भावाचं पाऊल अशाच एका फोडापायी कापावं लागलं होतं. "रक्त तपासा म्हटलं की म्हणतात, ते जाड्यांचं काम आहे." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू सांग गं त्यांना. तू कधी बोलत नाहीस, म्हणून तुझं ऐकतील." मला हे गणित पटलं नाही, पण नाही म्हणायलाही बोलावं लागलं असतं.

संधी काकांनीच आणली. आपल्या मराठी मंडळातर्फे त्यांनी साखर तपासणीचं शिबिर भरवलं आणि स्वतः दारात उभे राहून माणसं आत ओढू लागले. "या साहेब, तुमचं तर ऑफिससुद्धा वातानुकूलित! वहिनी, तुम्ही मागे कुठे? नवी गाडी दिसली ना मला." सगळ्यांची बोटं टोचून झाल्यावर तपासणारी बंगाली मुलगी काकांना म्हणाली, "मेशोमोशाई, अब आप."

"मैं तो आयोजक हूँ," काका म्हणाले.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मनात जमवलेली माझी सगळी वाक्यं इंग्रजीत होती आणि त्यातलं एकही आठवेना. "काका," मी म्हणाले, "अविकसित देशात रोग नसतो असं नाही. तिथे कुणी मोजत नाही."

खुर्च्या आवरणारे लोकसुद्धा थांबले. काका जन्मभर लोकांना सांगत आले होते, की न तपासलेल्या आकड्यावर आपण सही करत नाही. "वा! मौनीबाई बोलली. आणि बोलली ती माझ्याच विरोधात!" द्यायचं होतं फक्त बोट, तरी बाही कोपरापर्यंत सरकवून ते खुर्चीत बसले.

मुलीनं यंत्राकडे पाहिलं, दुसरं बोट पुसलं, पुन्हा टोचलं. मग तिनं हळूच शिबिराला आलेल्या डॉक्टरांना हाक मारली. काकांनी मान वाकवून आकडा वाचला. "यंत्र ठीक आहे," ते म्हणाले. डॉक्टरांनी तिथेच टाच बघितली. पाऊल वाचेल, पण औषध आजपासून आणि रोज ड्रेसिंग, असं बजावलं. काकूंनी पदर डोळ्यांना लावला.

परतताना काकू आणि आई पुढे होत्या. मागे मी आणि काका. काका एकदम म्हणाले, "आमच्या तालुक्याच्या गावी हा आजार एकट्या मामलेदारांना होता. आई त्यांच्या घराकडे बोट दाखवायची. म्हणायची, 'रोज गोड खाणाऱ्यालाच होतं रे असलं. तू तेवढा मोठा हो.' मला भाकरी वाढायची आणि स्वतः पाणी पिऊन उठायची." ते हसले, पण हसू पुरतं आलं नाही. "आज असती, तर तिनं गावभर साखर वाटली असती."

टाच दुखत असावी त्यांची. मी चाल कमी केली. पुढे आई आणि काकू वळणावर दिसेनाशा झाल्या, तरी आम्ही तसेच सावकाश चालत राहिलो.