उशी कुठल्या बाजूला?

माझा दादा काचा बसवतो. घरांच्या, दुकानांच्या, सांगाल तिथल्या. लोक त्याला मिस्त्री म्हणतात. हल्ली काही जण पाठीमागे 'प्लायवूड' म्हणतात. पाठीमागे म्हणजे काय, मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. मी त्याची धाकटी बहीण आहे, बहिरी नाही.

शेजारच्या देशानं आमच्यावर चाल केली तेव्हापासून त्याच्या धंद्याचं सगळं उलटंपालटं झालं. पहिला बॉम्ब बस डेपोवर पडला आणि आमच्या बाजूच्या निम्म्या घरांच्या काचा गेल्या. त्या दिवशी दादानं एकही काच बसवली नाही, नुसत्या काढल्या. गाद्यांतून, केसांतून, एका म्हातारबाबांच्या कानामागून. घरी आला, कितीतरी वेळ हात धुतले आणि न जेवता पडून राहिला. दुसऱ्या दिवसापासून त्यानं नियम धरला. कुणी काच मागायला आलं की आधी विचारायचा, "उशी कुठल्या बाजूला?" उशी खिडकीकडे असेल तर काच मिळणार नाही. प्लायवूड ठोकून मिळेल, वर वीतभर फट ठेवून तिला जाड प्लास्टिक मिळेल, पण काच नाही. पटत नसेल तर दुसरीकडे जा म्हणायचा. आता दुसरीकडे कुठे जाणार? गावातला दुसरा काचवाला पहिल्याच आठवड्यात बायकोमुलांना घेऊन सासुरवाडीला पळाला होता.

हाच नियम त्यानं स्वतःच्या घरालाही लावला आणि तिथेच घोडं अडलं.

माझी वहिनी अंथरुणाला खिळलेली आहे. पाठीच्या कण्याचं दुखणं, कमरेखाली जीव नाही. तो सगळा जिभेत आलाय. ते बरंच आहे म्हणा, कारण दादाला सरळ करणारं घरात दुसरं कुणी नाही. मी बोलते, पण माझं तो एका कानानं ऐकतो आणि दुसऱ्यानं सोडून देतो. वहिनीचा पलंग खिडकीला लागून. आमचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर, त्यामुळे अख्खी गल्ली तिच्या ताब्यात असायची. कुणाकडे पाहुणे आले, कुणाची सून सासूशी बोलत नाही, बातमी हवी तर आमच्याकडे यावं. मग काच गेली, प्लायवूड आलं आणि ती भरदुपारी दिव्याच्या उजेडात पडून राहायला लागली. "मला पेटीत घालून ठेवलंत," असं रोज म्हणायची. दादा म्हणायचा, "पेटीत आहेस म्हणून जिवंत आहेस." की संपलं बोलणं.

त्यांचा एकुलता एक मुलगा, म्हणजे माझा भाचा, सैन्यात. लहानपणी गुबगुबीत होता म्हणून त्याला ढब्बू म्हणायचे. सैन्यानं त्याची पार काडी करून टाकली, नाव मात्र तेच राहिलं. तो गेल्यापासून काचेचं दुसरं टोक मी धरते. मोठी काच एकट्यानं उचलता येत नाही आणि घरात धडधाकट माणूस मीच उरले होते.

त्याचा शेवटचा फोन मलाच आला. "आत्या, सरावाला चाललोय. थोडे दिवस फोन लागणार नाही. आईला सांग, काळजी करू नको म्हणावं." मी तसंच सांगितलं. वहिनीनं विचारलं, आवाज कसा होता. मी म्हटलं, नेहमीसारखा.

त्यानंतरच्याच आठवड्यातली सकाळ. आम्ही औषधांच्या दुकानाच्या दाराला काच लावत होतो. दुकानात कुणी झोपत नाही, त्यामुळे तिथे नियमाची अडचण नव्हती. मी काच धरून उभी, दादा काच पक्की बसायची लांबी कडेनं बोटानं भरत होता. आणि रेडिओवर बातमी आली. आमचं सैन्य सीमा ओलांडून त्यांच्या मुलखात घुसलं होतं. काल संध्याकाळीच. त्यांची गावं आमच्या ताब्यात आली होती, त्यांचे सैनिक हात वर करून बाहेर येत होते. आम्ही कधी उलट चाल करू असं त्यांना वाटलं नव्हतं आणि खरं सांगायचं तर आम्हालाही वाटलं नव्हतं.

औषधवाल्यानं आवाज वाढवला. रस्त्यावरच्या बसवाल्यानं जो हॉर्न दाबला तो सोडेचना. दोन बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या, त्यांचं वर्षभर भांडण होतं. आमच्याच इमारतीत मधल्या मजल्यावर राहणारे निवृत्त हेडमास्तर घरातल्या चपलांवर धावत आले आणि दिसेल त्याला सांगायला लागले, "घरात घुसून मारलं. याला म्हणतात डाव." मलाही आनंद झाला. खोटं कशाला बोलू? मनात म्हटलं, घ्या आता, तुमच्याही काचा फुटू देत. मग मी दादाकडे पाहिलं. लांबीचा गोळा त्याच्या हातात तसाच होता.

"सराव," एवढंच तो म्हणाला.

ढब्बू कुठल्या सरावाला गेला होता ते मला तेव्हा कळलं. काच सुटली नाही हे नशीब.

दुपारपर्यंत आमच्या दुकानासमोर ही गर्दी. लोकांनी घरोघरी प्लायवूड उपटून काढलं होतं आणि सगळ्यांना काच हवी होती, तीही आजच. जणू काच लागली की लढाई संपली. दादा प्रत्येकाला तेच विचारायचा आणि प्रत्येकजण खोटं बोलायचा. "उशी कसली मिस्त्री, आम्ही बसूनच झोपतो," असंही एकानं ऐकवलं. काहींनी पलंग गच्चीवर नेऊन ठेवले, काच लागली की परत खाली. मग दादा आत जाऊन आधी फरशी बघायला लागला. पलंगाच्या पायांचे गोल डाग खिडकीखाली दिसले की हत्यारं पिशवीत घालून बाहेर. लोक चिडायचे. हेडमास्तरांनी तर भर रस्त्यात अडवलं.

"मिस्त्री, आपल्या सैन्यावर तुमचा विश्वास नाही का?"

"सैन्यावर आहे. काचेवर नाही. ते आता गप्प बसतील असं वाटतं तुम्हाला?"

"पोरगा तिकडे पराक्रम गाजवतोय आणि बाप इथे प्लायवूड ठोकतोय. कमाल आहे."

दादा हत्यारांची पिशवी उचलून चालायला लागला. मी कशाला गप्प बसते? म्हटलं, "गुरुजी, पराक्रमाची एवढी हौस असेल तर भरती चालू आहे, वयाचं मी बोलून बघते." लोक हसले, हेडमास्तर लाल झाले. घरी आल्यावर मात्र मला रडू आलं, कारण माणूस वाईट नव्हता. त्याला नुसता आनंद झाला होता.

त्या गर्दीत एक मावशी प्लास्टिकचा तुकडा मागायला आली होती. सीमेजवळच्या गावातून पळून आलेली, शाळेच्या वर्गात राहणारी. कुणीतरी तिला म्हणालं, "मावशी, आज तरी हसा की."

"हसतेय की," ती म्हणाली. "मला बरंच वाटलं. पण तिकडच्या बायका आता गाठोडी बांधत असतील. मी निघाले तेव्हा दूध तापत होतं. गॅस बंद केला की नाही, अजून आठवत नाही."

"सुरुवात त्यांनीच केली," मागून आवाज आला.

"हो, त्यांनीच केली," असं म्हणून तिनं प्लास्टिकची गुंडाळी काखेत मारली आणि गेली.

आमच्या तळमजल्यावर शिंपीणबाई राहतात. नवरा नाही, एकच मुलगी, आणि ती सैन्यात रुग्णवाहिका चालवते. तिचाही फोन बंद. बाईंच्या शिवणाच्या खोलीत दादानं लगेच काच बसवली, कारण तिथे मशिनशिवाय काही नाही. बाई रोज सकाळी वर येऊन वहिनीचे केस विंचरायच्या. दोघी मिळून टीव्हीवरच्या नकाशात आपापलं लेकरू शोधायच्या. "तुमचा ढब्बू आणि माझी पोर भेटलेही असतील," बाई म्हणायच्या. "भेटले तर भांडतील," वहिनी म्हणायची. "लहानपणी तिनं त्याला जिन्यावरून ढकललं होतं." दोघी हसायच्या. मग बाई सावकाश वेणी घालत बसायच्या.

टीव्हीवरच्या नकाशात आपले बाण रोज पुढेच सरकत होते. पण गावात एक करडी गाडी यायला लागली. तिच्यात गणवेशातली दोन माणसं असायची. ती ज्याच्या दाराशी थांबायची त्याचं माणूस गेलेलं असायचं. पहिल्यांदा ती गिरणीच्या बाजूला गेली, मग स्टेशनमागे, मग परत गिरणीच्या बाजूला. गाडी दिसली की बोलणारे बोलता बोलता थांबायचे, दुकानदार उगीचच आत जायचे. आनंद कुणाचा पुरता गेला नव्हता. लोक हळू आवाजात बोलायला लागले, एवढंच. हेडमास्तरांनी बाल्कनीतला झेंडा काढला नाही, पण गाडी गेली की ते त्याच्याकडे पाठ करून उभे राहायचे.

अशात एका सकाळी वहिनीनं मला आणि शिंपीणबाईंना कामाला लावलं. "पलंग फिरवा," म्हणाली. जड लाकडी पलंग, त्यावर ती. फिरवता फिरवता आमच्या दोघींची कंबर मोडली आणि ती वरून सूचना देत होती. दादा जेवायला आला तेव्हा तिची उशी दाराकडे आणि पाय खिडकीकडे.

"अहो, तुमचा नियम पाळलाय," ती म्हणाली. "आता काच बसवा."

"काच शिल्लक नाही."

"दुकानात मागच्या भिंतीला एक उभी आहे. वन्संनी सांगितलं."

दादानं माझ्याकडे असं पाहिलं की मी ताट घ्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेले. पण कान तिकडेच.

"चौकट फुगलीय."

"मग घासा."

"अगं, पायावर पडेल काच."

"पायांना काय कळतंय माझ्या?" वहिनी म्हणाली. "तुम्हाला काचेची भीती नाही वाटत. खरं काय ते बोला."

मी दारात आले तर दादा पलंगाच्या कडेला बसलेला, मान खाली.

"तुला ती गाडी दिसेल," तो म्हणाला. "आम्ही दोघं कामावर असू. ती खाली थांबेल, मग ते जिना चढतील. तेवढा वेळ तू एकटी. तुला पळताही यायचं नाही."

वहिनीनं त्याचा हात धरला. माझ्यासमोर तिनं असं कधी केलं नव्हतं.

"आणि आता मी काय करते? गल्लीत कुठलीही गाडी आली की ऐकत बसते. पाववाल्याची आली की मरते, कचऱ्याची आली की मरते. कुणाची आहे ते कळतच नाही. दिसलं तर एकदाच मरेन ना?"

दादानं जेवण तसंच ठेवलं. दुकानातून काच आणली. चौकट घासली, काच कापायच्या हिरकणीनं कड कापली, आम्ही दोघांनी ती उचलून बसवली. लांबी भरताना तो एरवी शीळ घालतो, त्या दिवशी घातली नाही. पलंगावर ऊन पडलं आणि वहिनीनं डोळ्यांवर आडवा हात धरला. मी पाठीशी तक्क्या लावून तिला उंच बसवलं, तशी तिनं हात काढून गल्ली बघितली. "हेडमास्तर किती म्हातारे दिसायला लागले," म्हणाली. त्या दिवसापासून दादानं बाहेरची कामं घेणं बंद केलं. दुकान उघडायचं म्हणजे मी उघडायचं. तो घरातच काहीबाही घासत, ठोकत बसायचा.

गाडी आली तेव्हा आम्ही तिघंही घरात होतो. वहिनी म्हणाली, "आली." नेहमीच्याच आवाजात. आम्ही खिडकीशी गेलो. गाडी गल्लीत हळू शिरली, घरांचे आकडे वाचत वाचत पुढे आली आणि आमच्या दाराशी थांबली. दोघं उतरले. त्यातल्या तरुणानं टोपी काढून वर पाहिलं. सरळ आमच्या खिडकीकडे पाहिल्यासारखं वाटलं. दादानं पलंगाचा दांडा घट्ट धरला. इमारतीचं दार वाजलं. बुटांचा आवाज आत आला.

"खालीच थांबा," वहिनी पुटपुटायला लागली. "खालीच थांबा, देवा, खालीच थांबव त्यांना." आणि मीही तेच म्हणत होते. दादाचे ओठ हलत होते, तोही दुसरं काय म्हणत असणार?

बूट जिन्यापर्यंत आले नाहीत. खालचं दार वाजलं.

"आपल्याकडे नाही," वहिनी म्हणाली आणि हसली. खरंच हसली. दादा रडत होता आणि हसत होता. मी "बरं झालं, बरं झालं," असं दोनदा मोठ्यानं बोलले. खालचं शिवणाचं मशिन तोपर्यंत चालू होतं. ते थांबलं आणि मग आम्हाला कळलं आपण कशाला बरं म्हणतोय.

वहिनीनं तोंडात पदर कोंबला. मग तो काढून म्हणाली, "वन्सं, जा खाली. तिच्याकडे कुणी नाही."

मी गेले. ती दोन माणसं भिंतीशी उभी होती, तरुण मुलगा टोपी हातात फिरवत होता. बाई मशिनसमोरच बसल्या होत्या. त्या रडत नव्हत्या. मला पाहून म्हणाल्या, "ताई, गाडी थांबलेली मी बघितली खिडकीतून. मनात म्हटलं, वर जाऊ दे. वर जाऊ दे. तुमच्या ढब्बूचं नाव घेतलं हो मी."

मी त्यांच्या पायाशी फरशीवर बसले.

"आम्ही खालीच थांबा म्हणत होतो," मी म्हटलं. "तिघंही."

त्यांनी मान हलवली आणि माझा हात धरला. मला तो सोडवून घ्यावासा वाटला, पण मी सोडवला नाही.