सतरा बाजारांची भवानी

भरडखोलच्या सोनूबाईच्या बोटांना दिवसातून दहा वेळा काटा लागायचा, पण तिच्या तोंडून हूं की चूं कधी कुणी ऐकलं नाही. हे तिला तिच्या सासूनं शिकवलेलं. पाटीमागं बसलेल्या कोळणीनं ‘आई गं’ म्हटलं की गिऱ्हाईक बिचकतं, लहान पोरांच्या आया पुढच्या पाटीकडं सरकतात. तेव्हा काटा लागला तर बोट लुगड्याला पुसायचं आणि पुढच्या बाईला हाक मारायची. सोनूबाईनं हे शास्त्र आपल्या एकुलत्या एक लेकीला, नलूला, पाच वर्षांची असल्यापासून शिकवलं. पोर हुशार निघाली. अकराव्या वर्षी ती बोर्ली पंचतनच्या आठवडे बाजारात आईशेजारी स्वतःची छोटी पाटी मांडून बसू लागली आणि शिंगाळ्याचा काटा बोटात घुसला तरी हसतमुखानं ‘या मावशी’ म्हणू लागली. सोनूबाईला कोण अभिमान! गर्वाचं घर खाली म्हणतात ते काही खोटं नाही.

सोनूबाई म्हणजे बाई फर्मास. ठेंगणी, काळीसावळी, चालताना पाटीतलं पाणी पाठीवर निथळतंय याची फिकीर नसलेली. रागावली की ती आधी हसायची, त्यामुळं तिचा राग समोरच्याला वेळेवर कळत नसे. भांडण सुरू करायला तिला कारण लागायचं नाही. मिटवायला मात्र सबळ कारण लागायचं. नवरा कान्हा मच्छीच्या बोटीवर खलाशी होता, आणि समुद्रावर आपल्याला शांतता मिळते असं तो तिच्यादेखत सांगायचा.

छप्पन साली नारळी पौर्णिमेनंतर नलूच्या गालावर आणि दंडावर पांढुरके डाग उठले. बोर्लीला डॉक्टर रामचंद्र मोघ्यांचा दवाखाना होता. माणूस तरुण, पापभीरू, हाताला गुण असलेला, आणि पंचक्रोशीत दुसरा डॉक्टर नव्हता. त्यांनी नलूला डोळे मिटायला लावले आणि काही न सांगता डागावर टाचणी टोचली. टाचणी टोचली की पोर ओरडतं, हा त्यांचा आजवरचा अनुभव. नलू ओरडली नाही. त्यांनी पुन्हा टोचली, मग तिसऱ्यांदा, जरा जोरात. आई समोर उभी असताना ती पोर कशाला ओरडते? आणि आई लेकीकडं कौतुकानं बघत उभी!

महारोगाच्या डागाला टोचलेलं कळत नाही, हे ते शिकले होते. डॉक्टरांचा चेहरा उतरला. महारोगाचा संशय आहे, पोरीला वेगळं ठेव, अलिबागच्या मोठ्या दवाखान्यात दाखव, असं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. पडद्यामागं कंपाउंडर चंदर बाटल्या भरत होता. ‘संशय’ हा शब्द दवाखान्यातच राहिला, ‘महारोग’ तेवढा बाजारात पोचला.

पुढच्या बाजाराला मायलेकींच्या पाट्यांसमोर माणूस थांबेना. वस्तीवरच्या विहिरीवर त्यांची कळशी बाजूला ठेवायला लावली. सोनूबाईनं पोरीला घरात कोंडलं नाही, कारण कोंडलं तर खरंच आहे असं गाव म्हणालं असतं. दर बाजाराला ती नलूला शेजारी बसवायची, आणि दर बाजाराला भरलेल्या पाट्या परत घेऊन यायची. अलिबागला जायला मात्र तिचा पाय उचलत नव्हता. तिथल्यांनीही तेच सांगितलं आणि पोर ठेवून घेतली तर? अशी कशाला न भिणारी बाई त्या एका भीतीनं पुरती गळून गेली. असे सतरा बाजार गेले. शेवटी नलूनंच विचारलं, ‘आये, माजी मासली घान मारते काय गं?’ त्या दिवशी सोनूबाईनं गाठोडं बांधलं.

दिघीहून होडीनं पलीकडं, तिथून मोटारीनं अलिबाग. तिथले म्हातारे डॉक्टर खमके होते. त्यांनीही टाचणी टोचली, पण नलूच्या तोंडाकडं न बघता पायांकडं बघितलं. पायांची बोटं गच्च आवळली होती. ‘दुखलं ना? मग ओरडली का नाहीस?’ त्यांनी विचारलं. ‘आय सांगते, ओरडाचं न्हाय,’ नलू म्हणाली. म्हातारे मनसोक्त हसले. साधी शिबं आहेत, महारोग नाही, असं त्यांनी कागदावर लिहून दिलं आणि वर मलम दिलं. सोनूबाई तिथंच भुईवर बसली. आपल्याच शिकवणीनं पोरीला हे दिवस दाखवले, हे तिला लख्ख कळलं, आणि त्याच क्षणी तिला डॉक्टर मोघ्यांचा भयंकर रागही आला. दोन्ही एकदमच आलं, आणि दोन्ही खरं होतं.

रागाच्या भरात ती कोर्टाजवळच्या एका वकिलाकडं गेली. नुकसानभरपाई पाहिजे म्हणाली. वकील भला होता. त्यानं सांगितलं की दावा तीन वर्षं चालेल, आणि दर तारखेला कोर्टात नलूच्या नावापुढं ‘महारोग’ वाचलं जाईल. शिवाय नुकसान किती ते आकड्यात सांगावं लागेल. सोनूबाई तशीच उठून आली.

घरी कान्हानं समजावलं, की डागदर एकच, उद्या ताप आला तर त्याच्याच दारात जायचंय, पाण्यात राहून माशाशी वैर नको. ‘आपन मासलीच मारताव,’ सोनूबाई म्हणाली, ‘वैर करायचं काय बाकी राह्यलंय?’

दुसऱ्या दिवशी दवाखाना माणसांनी भरलेला असताना तिनं तो कागद डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी तो दोनदा वाचला. पांढरे पडले, उठून उभे राहिले आणि सगळ्यांदेखत त्यांनी हात जोडले. म्हणाले, ‘सोनूबाई, माझी चूक झाली. तुम्ही म्हणाल ते पैसे देतो.’ आजवर ते तिला अगं-तुगं करायचे. त्या दिवशी ‘तुम्ही’ म्हणाले.

‘पैशानं न्हाय भरायचं,’ सोनूबाई म्हणाली. ‘सतरा बाजार माज्या पोरीच्या हातून कुनी मासली घेतली न्हाय. सतरा बाजार तुमी यायचं, नि तिची भवानी करायची.’

दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी. ते पैसे कपाळाला लावून पाटीत टाकायचे. भवानीचा हात चांगला तर दिवस चांगला, हे बोर्लीत शेंबडं पोरही जाणत होतं.

‘अहो, पण मी मासे खात नाही,’ डॉक्टर काकुळतीला येऊन म्हणाले.

‘तुमाला खायाला कोन सांगतंय? घ्यायाला सांगतंय मी.’

आणि डॉक्टर आले. मोघ्यांच्या सात पिढ्यांत कुणी मासळीच्या आळीत पाय टाकला नसेल. हा गृहस्थ सकाळी सकाळी कापडी थैली घेऊन नलूपुढं उकिडवा बसला. अख्खा बाजार हातातलं काम सोडून बघत होता. नलूनं मासळीचा वाटा पुढं केला. डॉक्टरांनी तिचा हात हातात घेतला, उलटासुलटा करून चारचौघांना दाखवला आणि मोठ्यानं सांगितलं, की हिला शिबं होती, चुकलो मी. हे बोलायला सोनूबाईनं सांगितलं नव्हतं. तिथून तिचा राग उतरणीला लागला, पण तिनं तसं दाखवलं नाही. ठरलं ते ठरलं.

घरी गेल्यावर डॉक्टरांची आई त्यांना विहिरीवर आंघोळ करायला लावायची. मासळी जायची कंपाउंडर चंदरकडं. ज्यानं बोंब ठोकली त्याच्याच पानात फुकटची मासळी, म्हणून सोनूबाई देवाला चार शब्द सुनवायची.

बाजाराची भीती मात्र चटकन गेली नाही. पाचव्या बाजाराला दोघीतिघी सोनूबाईच्या पाटीशी थांबल्या. नलूच्या पाटीकडं बघून न बघितल्यासारखं करून गेल्या. आठव्याला एकीनं घेतलं, पण पैसे लांबून टाकले. नलूनं ते मुकाट्यानं वेचले. तेव्हा सोनूबाईला वाटलं, आपण मांडलेला हा सगळा नुसता पोरखेळ आहे.

अकरावा बाजार शिमग्याच्या आधीचा होता. तुडुंब गर्दी. डॉक्टर एका बाळंतिणीकडं अडकले आणि घामाघूम होत उशिरा पोचले.

‘उशीर केलाव, डागदर,’ सोनूबाई म्हणाली. ‘पोरीची भवानी झाली.’

‘कुणी केली?’

‘वळखीची न्हाय. आठ आन्याचा कोलंबीचा वाटा पाच आन्याला मागत व्हती मेली. पोर देईना, ती सोडंना. नलूचा हात धरून भांडली, डागदर. हात धरून.’

एवढं बोलून सोनूबाई भर बाजारात, गिऱ्हाइकांदेखत, तोंडाला पदर लावून रडली. राहिलेले सहा बाजार तिनं डॉक्टरांना तिथल्या तिथं सोडून दिले.