शेळीनं खाल्लेला लांडगा

चार माणसं एका खोलीत बसून जनावरांची फिल्म कापायला लागली, की कापलेल्या तुकड्यांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. तुकडे टोपलीत तरी मावतात. किस्से कुठं ठेवायचे? म्हणून सांगतो. सावकाश सांगतो. घाई असेल त्यानं चहा घेऊन यावा.

नामांतराच्या गडबडीची सालं होती. आमचे साहेब पुण्याचे. कॅमेरा घेऊन राणीसावरगावच्या माळावर लांडग्यांमागं हिंडायचे. परभणीत कापसाच्या एका बंद जिनिंगची खोली घेऊन तिथं त्यांनी एडिटिंगचं टेबल मांडलं. फिल्म कापायला गुलाबभाई. त्यांनी कापलेलं चिकटपट्टीनं जोडायला मी, लिंबाजी. शाळेशी आपलं जमलं नव्हतं. पण कुठला तुकडा कुठल्या खिळ्याला टांगलाय, ते ध्यानात राहायचं.

चौथे सोपानमामा, मेंढपाळ. लांडग्याची जागा त्यांनीच दाखवलेली, म्हणून फिल्म आधी त्यांच्या गावच्या जत्रेत दाखवायची ठरलेली. त्यांचा कुत्रा मोत्या शूटिंगभर सोबत होता. पुढं पावसाळ्यात पान लागून, म्हणजे साप चावून गेला. ज्या दिवशी बंद नसेल त्या दिवशी मामा एसटीनं यायचे आणि दारातूनच विचारायचे, "गुलाबभाई, माझा मोत्या हाय का न्हाई पिच्चरात? येकदा बघायचाय त्याला."

साहेबांचा कायदा असा, की जंगली जनावराच्या फिल्ममध्ये माणसाचं काही दिसायला नको. पाळीव कुत्रं तर नकोच नको! पण हे मामांना सांगायची छाती कुणाची? गुलाबभाई म्हणायचे, "काम चालू है मामू, चाय पियो!"

*

एकदा मामा आले तेव्हा टेबलावर फिल्म उलटी फिरत होती. लांडग्याच्या तोंडातून ससा बाहेर पडला, जिवंत झाला आणि मागं मागं पळत झुडपात गेला!

मामा हरखले. "लय बेस! जत्रेत आसंच दाखवा!"

साहेब म्हणाले, "अहो मामा, मग लांडग्यानं खायचं काय?"

"त्याला मी देतो की भाकर!"

*

आमची नायिका एकच लांडगीण. म्हणजे फिल्ममध्ये एक; माळावर तीन वेगवेगळे लांडगे, सोयीनं जोडलेले. बाहेरचे एक पाहुणे बघायला आले. साहेब जड आवाजात म्हणाले, "ही आई, पिलांच्या काळजीनं व्याकूळ..." तेवढ्यात आई बाभळीजवळ गेली आणि तिनं तंगडी वर केली!

गुलाबभाई ओरडले, "लिंबाजी, कात्री!"

*

लांडग्याचा आवाज नीट आला नव्हता. मग गुलाबभाईंनी माठात तोंड घालून हूऽऽ केलं. टेपवर असं झकास उतरलं, की ते चार दिवस तेच करत बसले!

पाचव्या दिवशी शेजारच्या चंद्रभागाबाई कमरेला पदर खोचून दारात. "तुमचा लांडगा आवरा आधी! माझी शेळी दूध चोरायलीय!"

*

शेळीनं मात्र डाव धरला. जत्रा तोंडावर आलेली. आम्ही चहाला गेलो आणि दार उघडं राहिलं. येऊन बघतो तर शेळी खिळ्यापाशी उभी, तोंडातून दोन बोटं फिल्म लोंबतेय! शेवटचा शॉट, लांडगा माळापलीकडं जातो तो. पार गिळलेला.

साहेब मटकन खालीच बसले. मुंबईहून दुसरी प्रत जत्रेच्या आत येणं शक्य नव्हतं.

चंद्रभागाबाईच चिडल्या. "माझ्या शेळीला काई झालं म्हंजी? काय होतं त्याच्यात?"

गुलाबभाई म्हणाले, "लांडगा था, बाई!"

*

मग गुलाबभाईंनी टाकाऊ टोपलीतून एक तुकडा उपसला. तिन्हीसांजेला मोत्या लांब माळावरून पळतोय. शूटिंगच्या वेळी मामांनी मध्येच शीळ घातली, तसा तो थबकून मागं बघतो. 'शॉट नासला' म्हणून साहेबांनी फेकलेला.

"साब, दूर से तो दामाद बी शेर दिखता!"

साहेबांनी डोळे मिटले. "लावा."

शेपटी हलायच्या आत गुलाबभाईंनी कात्री मारली. मी जोड दिला. मामांना मात्र काही सांगायचं नाही, असं ठरलं. त्यांनी गावभर केलं असतं!

*

जत्रेत दोन बैलगाड्यांच्या मध्ये धोतर ताणून पडदा केला. सगळं गाव लोटलं. मामा अगदी पुढं. फिल्म सरत आली तसे त्यांचे खांदे पडत चालले. शेवटी माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, "न्हाई घेतला व्हय रं, लिंबाजी?"

मी पडद्याकडं बोट केलं.

साहेब माईकवर सांगत होते, "आणि हा लांडगा, माणसाला कधीच न बधलेला, एकटाच माळापलीकडं निघाला..."

मामा उठून उभे राहिले. मागनं पोरं ओरडली, "ओ मामा, बसा की खाली!" माईकवरून साहेब, "मामा, नको!"

मामांनी दोन बोटं तोंडात घातली आणि सणसणीत शीळ मारली.

पडद्यावरचा लांडगा थबकला, आणि त्यानं वळून मामांकडं बघितलं.