नवरदेवाचं ऑपरेशन

माझ्या लग्नात माहेरून भांडी आली, गादी आली आणि वेताच्या पाटीतून सशांची जोडी आली. दुष्काळाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. पारनेरला सासरी तोवर कुणी ससा पाळला नव्हता. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, दोघांना कुंकू लावलं आणि 'नवरदेव-नवरी' म्हणायला सुरुवात केली. नवरदेवानं ते फारच मनावर घेतलं. दिवाळीला पिल्लं, संक्रांतीला पिल्लं, होळीला पिल्लं! वाटून वाटून शेजारी संपले, पिल्लं संपेनात. परसातली मेथी गेली, कोथिंबीर गेली. तुळस गेली त्या दिवशी आत्याबाई कडाडल्या, "सूनबाई, आता एक बी पिल्लू झालं तर ही जोडी बाजारात! मग पाळनारा नेऊ दे न्हाईतर कापनारा."

मी तडक गुरांच्या दवाखान्यात गेले. तिथले डॉक्टर बैल खच्ची करण्यात तालुक्यात गाजलेले.

"सशाची ऑपरेशनं किती केलीत, डॉक्टर?"

"अहो ताई, बैल काय नि ससा काय! माप लहान, एवढंच. उद्या आणा. रात्रभर उपाशी ठेवा."

खच्ची करायला बैल पाडायचा तर आदल्या रात्री वैरण बंद ठेवतात, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी मान डोलावली.

सकाळी डॉक्टरांनी नवरदेवाला उचललं, तर स्वारीचं तोंड चालूच! मिशीला लसूणघासाचं हिरवंगार पान.

"हा उपास?" डॉक्टर ओरडले.

मी आत्याबाईंकडं पाहिलं. आत्याबाईंनी छताकडं पाहिलं. "माझ्या घरात कुनी उपाशी झोपत न्हाई. त्यात बिचाऱ्याचं आप्रेशन!"

डॉक्टरांनी आम्हाला तिघांनाही बाहेर काढलं.

मग नगरच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांचं कळलं. त्यांची उमेदीची सगळी वर्षं प्रयोगशाळेतल्या सशांमध्ये गेलेली. निघालो एसटीनं. कंडक्टर पाटीत डोकावून म्हणाला, "मावशी, याचं तिकीट?"

"अर्धं फाडा," आत्याबाई म्हणाल्या, "येताना त्यो अर्धाच असनार हाय."

अख्खी गाडी हसली. मी पदरात तोंड लपवलं.

म्हाताऱ्या डॉक्टरांना मी तोच प्रश्न टाकला. ते चष्मा पुसत म्हणाले, "बरीच केली. पहिले काही माझ्या हातून दगावले. का दगावले ते शिकलो, म्हणून पुढचे वाचले."

ठरलं! माझा नवरदेव याच हातात द्यायचा.

"सकाळी काही खाल्लंय यानं?"

"छे! कडकडीत उपास!" मी अभिमानानं सांगितलं. या वेळी पहारा ठेवला होता ना!

डॉक्टरांचा चेहरा पडला. "अहो, बैलाचा नियम याला नाही. सशाला उलटी होत नाही, आणि त्याचं पोट थांबलं की ससाच थांबतो."

तेवढ्यात आत्याबाईंनी पाटीतलं फडकं बाजूला केलं. खाली घासाच्या काड्याच काड्या! "जेवलाय की! गाडीत सुदिक चरत हुता."

डॉक्टर इतके हसले की चष्मा पुन्हा पुसावा लागला.

ऑपरेशन झालं. बाहेर आम्ही दोघी एकमेकींचा हात धरून बसलो होतो. नवरदेवाचं नाक हललं तेव्हा आत्याबाईंनी तिथंच त्याची दृष्ट काढली. निघताना डॉक्टरांनी बजावलं, "महिनाभर नवरीपासून लांब ठेवा. जुनी शिल्लक अजून आहे त्याच्यात."

मी त्याला वेगळ्या खुराड्यात घातलं. आठवडाभरानं बघते तर दोघं एकाच पाटीत, गालाला गाल लावून!

"एकटं झुरत हुतं," आत्याबाई म्हणाल्या. "आता काय व्हतंय? निस्तं बसत्यात."

पुढच्या महिन्यात एका सकाळी परसातून हाक आली. गेले. नवरीनं अंगाची लोकर उपटून गादी केली होती, आणि तिच्यात गुलाबी पिल्लं वळवळत होती. आत्याबाई उकिडव्या बसून बघत होत्या. मी अगदी गोड आवाजात विचारलं,

"बाजार कधी आहे, आत्याबाई?"

"कसला बाजार?" त्या माझ्याकडं न बघताच खेकसल्या. "बाळंतीन हाय ती! जा, मेथी आन."