बाळाचं तोंड मी झाकलं नाही

बाळ माझ्या कुशीत देण्याआधी डॉक्टर म्हणाल्या, "घाबरू नका. बाळ छान रडलंय. पण क्लेफ्ट लिप आहे." म्हणजे पोटात असताना वरच्या ओठाच्या दोन बाजू जुळायच्या राहिल्या. तोंडातली टाळूही थोडी उघडी होती, त्यामुळे त्याला ओढून पिता येत नव्हतं. नीट वजन वाढलं की नाशिकला ऑपरेशन. सगळं त्या वजनावर होतं.

जव्हारहून पोशेऱ्याला परतताना जीपमध्ये सासूबाईंनी त्याच्या तोंडावर फडकं ओढलं. शेजारच्या मावशींनी ते उचललंच.

"ग्रहणात विळा धरला का गं, बाय?"

"नाही मावशी. ग्रहणादिवशी मी कॉलेजात पेपर लिहीत होते."

"मग पेन धरलंस ना! तेच लागलं."

अख्खी जीप हसली. मीही हसले. घरी येऊन रडले.

मग ठाण्याहून नणंदेचा फोन. तिनं मोबाइलवर काहीतरी वाचलं होतं. "वहिनी, केस गळतात म्हणून तू व्हिटॅमिन ईच्या कॅप्सूल खायचीस ना? त्यानंच झालं." दिवस गेलेत हे कळायच्या आधी मी त्या खात होते, हे खरं. ग्रहणाला मी हसले होते. ह्याला हसता येईना.

पुढच्या तपासणीला मी डॉक्टरांना सरळ विचारलं. त्या म्हणाल्या, "व्हिटॅमिन ई शरीराला लागतंच. गरोदरपणात विनाकारण जास्त डोस घेऊ नये. पण ह्या बाळाचा ओठ त्यानंच फाटला, असं कोणीही सांगू शकत नाही. बहुतेक वेळा नेमकं कारण सापडतच नाही. तुम्ही दूध पाजा."

आमच्या पाड्यावरची मी पहिली पदवीधर. ठरवलं, यापुढे कोणापुढे आरोपी म्हणून उभं राहायचं नाही. दवाखान्यातल्या नर्सताईंनी शिकवलं तसं दूध वाटीत काढायचं, बाळाला उभं धरायचं, चमच्याचमच्यानं पाजायचं. थोडं नाकातून बाहेर यायचं. पुसायचं, पुन्हा पाजायचं.

वजनाला मोखाड्याला न्यायचे ते बाजाराच्या दिवशी, तोंड उघडं ठेवून. कोणी टक लावून पाहिलं की मीच सांगायचे, "ओठ जुळायचा राहिलाय. नाशिकला शिवणार आहेत."

एकदा वजन वाढलंच नाही. ऑपरेशन पुढे गेलं. सासूबाई संतापल्या. "लोकांची नजर लागली. झाक म्हटलं तर ऐकशील तर शपथ!"

"आई, झाकून त्याच्या पोटात दूध जाणार आहे का? माझा हात भरून आलाय. वाटी धरा."

त्या पुटपुटत बसल्या. पण वाटी धरली. दुसऱ्या दिवशी न सांगता धरली.

ओठाचं ऑपरेशन झालं. टाळूचं अजून व्हायचंय. डॉक्टरांचे, पाजायला शिकवणाऱ्या नर्सताईंचे आणि सासूबाईंचे उपकार मी विसरणार नाही.

बायांनो, दिवस राहिलेत किंवा राहावेत असं वाटत असेल, तर केसांची असो की कांतीची, कुठलीच गोळी विचारल्याशिवाय घेऊ नका. डॉक्टरांनी दिलेलं फॉलिक ॲसिड चुकवू नका. आणि एवढं करूनही असं बाळ आलं, तर लोक विचारतीलच, "काय केलंस गं तू?"

मान वर करून सांगा, "पाजलं."